डावीकडून येणारा माणूस

“आता बघ हां,” दामूदादा पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. “तो डावीकडनं येईल. हातात कंदील असेल. गवतातनं चालत मधल्या झाडाकडं निघेल आणि नाहीसा होईल.”

मी बघत बसलो. रविवारची दुपार होती, तरी दारंखिडक्या लावून खोलीत पुरता अंधार केला होता. भिंतीवर नवाकोरा चाळीस इंची सेट. त्यात रात्रीचं माळरान. डावीकडून पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस आला. कंदील हलवत, गुडघाभर गवतातून सावकाश चालत राहिला.

“गेला!” दामूदादा हळूच बोलला. “बघितलंस? गेला तो.”

तो माणूस मला स्वच्छ दिसत होता. चालतच होता. कंदिलाचा उजेड त्याच्या बाहीवर पडला होता, तोसुद्धा दिसत होता. मी काही बोलणार, तेवढ्यात तो खेळातल्या बंदुकीच्या पार जवळ आला आणि पडदा लाल झाला. दामूदादाचा खेळ संपला.

“बघ. कुठं गेला ते कळत नाय, आणि एकदम अंगावर येतो.” त्याने हातातला कंट्रोलर खाटेवर टाकला. “जुन्या टीव्हीत असं नाय व्हायचं रे.”

टीव्हीचा मेकॅनिक म्हणून मी पुष्कळ तक्रारी ऐकल्या आहेत. चित्र येतं आवाज येत नाही, आवाज येतो चित्र येत नाही, पाल आत शिरली, मालिकेतली सून हिरवी दिसते. पण आतला माणूस मधेच नाहीसा होतो, आणि तोही घरातल्या एकालाच, ही तक्रार पहिलीच होती.

मी शहापूरचा. आयुष्य टीव्ही उघडण्यात गेलं. आमच्या घरातला टीव्ही बिघडला की तो दुरुस्त व्हायला महिना लागतो आणि त्या महिन्यात बायको शेजारी जाऊन मालिका बघते, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या हुशारीबद्दल कुणाचा गैरसमज व्हायला नको. दोन हजार आठ-नऊच्या सुमाराला पिक्चर ट्यूबचे डबे जाऊन भिंतीवरचे सपाट सेट यायला लागले, तेव्हा मी शहापुरातल्या एका दुकानासाठी नवे सेट बसवून द्यायचं काम करत होतो. दामूदादा त्यातलंच गिऱ्हाईक. मुरबाडच्या वाटेवर रस्त्याला लागून त्याचं गाव. गावाचं नाव लिहीत नाही, त्याला आवडायचं नाही. घरची भातशेती होती, पण त्याचा खरा धंदा काळीपिवळीचा, म्हणजे शहापूर-मुरबाड फेऱ्या मारणाऱ्या वडापच्या जीपचा. गाडी स्वतःची, ड्रायव्हर स्वतः. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठा, म्हणून दादा.

त्याचा मुलगा नितीन आसनगावहून लोकल पकडून रोज कल्याणला कामाला जायचा. त्याने पगारातून टीव्हीला जोडायचं खेळाचं मशीन घेतलं होतं. गंमत अशी की मशीन पोराचं आणि नाद बापाला. दिवसभर गाडी मारून आला की दामूदादा खाटेवर मांडी घालून बसायचा आणि नितीनला हरवायचा. खेळ पहाऱ्याचा होता. आपण मचाणावर बसायचं, बंदुकीचा नेम पडद्याच्या मधोमध, नजर नेमावर ठेवायची आणि चहूबाजूंनी चालत येणाऱ्या कंदीलवाल्यांना जवळ येऊ द्यायचं नाही. जुन्या एकवीस इंची डब्यावर दामूदादा त्यात राजा होता. गावातली पोरं त्याचा खेळ बघायला यायची.

मग नितीनने हाय डेफिनिशन सेट घेतला आणि राजाचं राज्य गेलं.

पहिल्यांदा गेलो होतो तो सेट बसवायला नव्हे, तर “रिमोट चालत नाय” म्हणून. सेट त्यांनी स्वतःच भिंतीवर चढवला होता. बघतो तर कमलवहिनींनी, म्हणजे दामूदादाच्या बायकोने, टीव्हीची पूजा केली होती. खालच्या पट्टीवर बरोब्बर मधे ठसठशीत कुंकवाचं स्वस्तिक. त्याच पट्टीत, काळ्या काचेआड, रिमोटचा उजेड टिपणारा डोळा असतो. तो कुंकवाने बुजला होता.

“वहिनी, देवाला वाट दिलीत, रिमोटची बंद केलीत.”

“मग पुसू नको हां भाऊ. बाजूला सरकव.”

स्वस्तिक चार बोटं सरकवलं, रिमोट चालू झाला. दुसरी तक्रार नितीनची होती. “काका, एवढा मोठा सेट आणला नि गेम जुन्या टीव्हीपेक्षा पण धुरकट दिसतंय.”

हे मात्र सगळीकडे व्हायचं. लोक नवा सेट आणायचे आणि मशीन जोडायचे जुन्याच पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरीने. ती पिवळी पीन म्हणजे भिंत रंगवायचा जाडा ब्रश. सेट कितीही भारी असू दे, बारीक रेघ त्याने निघायचीच नाही. उलट पडदा मोठा, त्यामुळे वाईट ते मोठं होऊन दिसायचं. मी थैलीतून चपट्या तोंडाची एचडीएमआय केबल काढून लावली, मशीनच्या मेनूत जाऊन चित्राचा आकार बदलला. आणि माळरान उजळलं. गवताचं पातं न् पातं सुटं झालं. कोपऱ्यातले आकडे, जे आजवर नितीन अंदाजाने वाचायचा, ते वाचता आले. जुन्या डब्याच्या चौकटीआड चित्राच्या कडा कापल्या जायच्या, त्याही उघड्या झाल्या. शिवाय चित्र आडवं पसरलं. दोन्ही बाजूंना नवी जमीन दिसायला लागली.

“च्यायला,” नितीन म्हणाला, “इथं एवढं कायकाय होतं?”

मी ऐटीत चहा घेऊन घरी आलो. घरी पण सांगितलं, आज एका माणसाला आंधळेपणातून सोडवलं. काय बोलून बसलो होतो, ते नंतर कळलं.

आठवडाभराने दुकानातून शेठचा फोन. “अरे, तू त्या जीपवाल्याकडं काय करून आलास? सेट परत घ्या बोलतोय. टीव्हीत भूत आहे बोलतोय.”

“शेठ, घोस्ट म्हणाला असेल. चित्राची सावली.”

“मला शिकवू नको. भूत बोलला. बायको भगताकडं जाऊन आली त्याची. तू जा नि काय ते बघ. भिंतीवर चढलेला सेट कंपनी परत घेत नाय.”

म्हणून त्या रविवारी मी तिथे होतो आणि पडद्यावर चालणारा माणूस नाहीसा झालाय, हे ऐकत होतो.

आमच्या धंद्यात फॉल्ट शोधायची एक रीत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर बिघाड जातो, पण कशाने गेला ते कळत नाही. मी सुरुवात केली. सपाट सेट चित्र दाखवण्याआधी ते आतल्या आत घासूनपुसून घेतात. त्यात क्षणभर जातो आणि बटण दाबल्यावर हालचाल उशिरा दिसते. खेळणाऱ्याला हे फार नडतं. ते बंद करायला मेनूत ‘गेम मोड’ असतो. तो लावला. बंदूक झटकन फिरायला लागली. नितीन खूश. माणूस मात्र नाहीसा व्हायचा तो होतच राहिला.

केबल बदलली, तेच. सॉकेट बदललं, तेच. दुसरा खेळ लावला, भिंतीआडून सैनिक येतात असला. दामूदादा नेमावर नजर ठेवून बसला. “हा आला डावीकडनं... हा गेला.” नितीन आणि मी एकमेकांकडे बघितलं. सैनिक आम्हा दोघांना दिसत होता.

“बाबा, तो बघा ना, चालतोय तिथं!”

दामूदादाने नजर तिकडे वळवली. “हां. आता आहे. आता आला परत.” आणि माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाला, “मी बघायला गेलो की येतो तो. मी नेमावर आलो की जातो. त्याला कळतं रे, मी कुठं बघतोय.”

मी नास्तिक आहे असं मित्रांत सांगतो. पण त्या अंधाऱ्या खोलीत ते मला कुणी विचारलं नाही, हे बरं झालं.

मग मी ते केलं जे आधीच करायला हवं होतं. जुना एकवीस इंची सेट माळ्यावर होता. तो उतरवला, त्याच जागी स्टुलावर ठेवला, मशीन त्याला जोडलं. दामूदादा त्याच खाटेवर बसला. कंदीलवाला डावीकडून आला, चालला, चालत राहिला. दामूदादाने त्याला आरामात टिपला. मग दुसऱ्याला. मग तिसऱ्याला. एकही नाहीसा झाला नाही.

“झालं?” कमलवहिनी दारात उभ्या होत्या. चहा आणला होता, पण आत यायला तयार नव्हत्या. “मी सांगत होते नं. ते नव्या टीव्हीतच आहे.”

रीतीप्रमाणे दोष नव्या सेटवर शाबीत झाला होता. पण दोष असा की तो आम्हाला दिसत नाही आणि एकट्या दामूदादाला दिसतो. असा पॅनल अजून कुठल्या कंपनीने बनवलेला नाही.

चहा मी उंबऱ्यावर बसून घेतला. तिथे वहिनींनी आवाज खाली करून सांगितलं. “भाऊ, हे घराण्यात आहे यांच्या. आमचे मामंजी, त्यांना पण व्हायचं. भर दुपारी शेतातनं यायचे नि बोलायचे, समोरनं माणूस येत होता, गेला कुठं? आमी हसायचो. बोलायचो, म्हातारपण. मग एक दिवस विहिरीत गेले.”

“पाय घसरला?”

“कसला पाय! काठावर बाया धुणं धूत होत्या. त्यांनी बघितलं. सरळ चालत गेले. थांबले नाय, बिचकले नाय. जशी काय तिथं जमीनच आहे. स्वतः खणलेली विहीर भाऊ ती, जन्मभर तिचं पाणी काढलं.” त्यांनी पदर तोंडाला लावला. “भगत बोलला, आधी खिडकीएवढं होतं तुमच्याकडं, आता दरवाजाएवढा पडदा लावलात. येणाऱ्याला वाट मोठी झाली. शनिवारी बोलावलंय त्याला. तवर हा सेट घरात नको.”

आत दामूदादा पुन्हा नव्या सेटपुढे जाऊन बसला होता. आवाज येत होता, “आला... गेला. आला... गेला.” तो घाबरलेला नव्हता. तेच जास्त वाईट वाटत होतं. हातातलं काम करावं तसा मोजल्यासारखा बोलत होता.

एक उपाय उरला होता. माझ्या थैलीत ट्यूबच्या जमान्यातली एक डबी होती, पॅटर्न जनरेटर. ती सेटला जोडली की पडद्यावर रेघा किंवा काळ्यावर पांढरे ठिपके उमटतात. पडद्याचा कुठला भाग मेला असेल तर लगेच कळतं. मी ठिपके लावले. सगळे जागच्या जागी, टाचणीच्या टोकासारखे. सेट ठणठणीत होता.

“दादा, तू मधल्या ठिपक्याकडं बघत राहा. तिथनं हलू नको. मी कडेच्या जोडण्या एकदा बघतो.”

मी पडद्याच्या डाव्या बाजूला गेलो, भिंतीला टेकून उकिडवा बसलो आणि मागच्या वायरी चाचपायला लागलो. ठिपक्यांचा उजेड माझ्या तोंडावर पडत होता. अंगात पांढरा शर्ट होता. दामूदादा समोर खाटेवर, आमच्यात दोन-अडीच हातांचं अंतर.

थोडा वेळ गेला. मग तो म्हणाला, “बाहेर गेलास काय रे?”

मला वाटलं नितीनला विचारतोय. नितीन त्याच्या मागे उभा होता.

“भाऊ? कुठं गेलास?”

“दादा, इथंच आहे मी.”

दामूदादा दचकला, पण त्याची मान हलली नाही. मी सांगितलं होतं म्हणून नजर त्याने मधल्या ठिपक्यावरच धरून ठेवली होती. “कुठं इथं? आवाज येतोय तुझा. कुठं आहेस?”

“टीव्हीच्या बाजूला. भिंतीला टेकून.”

“भिंत दिसते,” दामूदादा म्हणाला. “तू नाय तिथं.”

खोटं कशाला सांगू, मी स्वतःच्या छातीवर हात ठेवून बघितला. शर्ट होता, शर्टात मी होतो, खिशात टेस्टर होता. तरी एक क्षण असा गेला की मला माझी खात्री वाटेना. समोर एक शहाणासुरता माणूस बसलाय, माझ्याशी बोलतोय, आणि सांगतोय की तू ज्या जागी आहेस तिथे नुसती भिंत आहे. दारात वहिनींच्या हातातली बशी पडली.

मी ताडकन उठलो आणि उजवीकडे पळालो. धैर्य नव्हे, दार त्या बाजूला होतं.

“हां, आता आलास,” दामूदादा म्हणाला.

दारापाशी पोचल्यावर डोक्यात ट्यूब पेटली. माझ्या बाबतीत ती नेहमी उशिरा पेटते, जुन्या सेटसारखी, आधी गरम व्हावी लागते. खेळातला माणूस नाहीसा होतो, ठीक, दोष टीव्हीत असेल. पण मी टीव्हीत नव्हतो. मी टीव्हीच्या बाहेर बसलो होतो आणि नाहीसा झालो होतो. म्हणजे केबल नाही, मशीन नाही, सेट नाही. सगळं बदलून झालं, आता एकच गोष्ट बदलायची राहिली होती. मी नितीनला बापाच्या जागी बसवला आणि पुन्हा भिंतीशी जाऊन बसलो. नितीनला मी नजर न हलवता दिसत होतो. “काका, तुमचं तोंड उघडं आहे,” असंही त्याने सांगितलं.

जुना डबा का पास झाला, तेही उलगडलं. त्याच खाटेवरून जुना पडदा म्हणजे हाताच्या पंजाएवढा. अख्खा खेळ नजरेच्या मधल्या चांगल्या भागात मावायचा. नव्या सेटचं चित्र दोन्हीकडे पसरलेलं. त्याची डावी बाजू जिथे पडत होती, तिथे दामूदादाच्या नजरेत काहीच नव्हतं.

“दादा, डोळे दाखव एकदा.”

तो हसला. “डोळ्यांना काय धाड भरलीय? ये बाहेर.” त्याने हाताला धरून मला अंगणात ओढलं. पार रस्त्याच्या पलीकडे एक टेम्पो उभा होता. दामूदादाने त्याचा नंबर घडाघडा वाचून दाखवला. मी चष्मा लावून खात्री केली. एक आकडा चुकला नव्हता. “बोल आता. मला डोळ्याचं सांगतोय. मला फेरी मारायचीय, चल, शहापूरला सोडतो तुला.”

तिथे मला कळलं की मी आता त्याच्या गाडीत बसणार आहे.

नाही म्हणता आलं असतं. पण मागच्या सीटवर आधीच दोन म्हाताऱ्या, त्यांच्या टोपल्या आणि एक लेकुरवाळी बाई येऊन बसली होती. त्यांना काय सांगू? ड्रायव्हरला भिंत दिसते, माणूस दिसत नाही? मी पुढे डावीकडे बसलो आणि गाडी हलल्यापासून बोलायला लागलो.

“दादा, डावीकडं म्हैस.”

“बघितली.”

“सायकलवाला. डावीकडं.”

“अरे, तू काय किन्नर लागलास काय माझा?” दामूदादा वैतागला. किन्नर म्हणजे गाडीवरचा क्लीनर. मागच्या म्हाताऱ्या हसल्या. “नाय गो मावशी, टीव्हीवाला आहे, गाडीत बसायची सवय नाय,” त्याने त्यांना समजावलं.

मी गप्प बसेना. बैल, दगड, मैलाचा खांब, जे दिसेल ते ओरडत होतो. सापगाव जवळ आलं तसं लेकुरवाळीचं मूल रडायला लागलं. मी मागे वळून बघितलं. पुढे वळलो, तर रस्त्याच्या डाव्या कडेने एक माणूस चालला होता. डोक्यावर गवताचा मोठा भारा, पाठ आमच्याकडे. भारा डांबरावर आला होता. गाडी त्याच्यावर सरळ निघाली होती. मी दामूदादाकडे बघितलं. त्याची नजर समोर रस्त्यावर, चेहरा शांत, पाय ब्रेकजवळसुद्धा नाही. रिकाम्या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या माणसासारखा बसला होता.

“दादा, माणूस!”

“कुठं?”

स्टिअरिंग मी पलीकडे ढकललं. ड्रायव्हिंग मला येत नाही, मला फक्त स्कूटर येते आणि तीही बायको मागे नसेल तर. भारा गाडीला घासून गेला, खिडकीतून गवत माझ्या मांडीवर सांडलं. गाडी खडखडत थांबली. मागे रस्त्यावर तो माणूस भारा टाकून उभा होता. जागचा हलला नव्हता.

दामूदादाने मागे वळून बघितलं. “हा कुठनं आला?”

मागची एक म्हातारी म्हणाली, “केव्हाचा चाललाय तो, दादा. आमाला पार तिकडनं दिसत होता.”

दामूदादाने इंजिन बंद केलं. किल्ली काढली. ती माझ्या मांडीवरच्या गवतात ठेवली. “दुसरी गाडी थांबव यांच्यासाठी,” एवढंच म्हणाला. त्यानंतर त्याने कधी ड्रायव्हरच्या जागेवर पाय ठेवला नाही.

दोन दिवसांनी नितीनने रजा टाकली आणि आम्ही तिघं कल्याणला डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंकडे गेलो. काचबिंदू निघाला. बाईंनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. डोळ्यातला दाब वाढतो आणि डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी वायर एकेक तार करून मरते. आधी कडेच्या तारा जातात, दामूदादाच्या डावीकडच्या जास्त गेल्या होत्या, मधल्या शेवटपर्यंत चालू राहतात. म्हणून टेम्पोचा नंबर वाचता येतो. दुखत नाही, खुपत नाही.

“पण बाई, मला काळं काय दिसत नाय,” दामूदादा म्हणाला. “भोक असतं तर दिसलं असतं नं?”

“तेच तर फसवं असतं. मेंदू भोक दाखवत नाही. आजूबाजूला जे आहे ते घेऊन ठिगळ लावतो. बाजूला भिंत असेल तर भिंत, रस्ता असेल तर रस्ता.”

दामूदादाने खाली बघत विचारलं, “आणि जमीन असेल तर? मधे विहीर असली तरी जमीनच दिसंल?”

बाईंना काही माहीत नव्हतं. नितीनने त्यांना आजोबांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “मी त्यांना तपासलेलं नाही, त्यामुळे खात्रीने नाही सांगता येणार. पण असं होऊ शकतं. हा आजार घराण्यात उतरतो. या, तुम्ही पण बसा इथे,” असं म्हणून त्यांनी नितीनला मशीनपुढे बसवलं. त्याच्या एका डोळ्यात सुरुवात होती. अगदी थोडी. त्याला माझं उघडं तोंड दिसलं होतं, ते अजून काही वर्षांनी दिसलं नसतं.

जे गेलं ते परत येत नाही. थेंब टाकून उरलेलं राखता येतं. आज दोघंही थेंब टाकतात. कमलवहिनींनी भगताला बोलावलं होतं, तोही येऊन गेला, त्याने लिंबू उतरवलं आणि जाताना सांगितलं की औषध चुकवू नका. नव्या सेटबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही.

शेठने विचारलं, “मग फॉल्ट काय होता सेटमधे?”

“काय नाय. चित्र फार मोठं नि साफ होतं.”

“हा काय फॉल्ट झाला?” शेठ म्हणाला आणि फोन ठेवला.

जीपवर दामूदादाने दुसरा ड्रायव्हर ठेवला. तो स्वतः स्टँडवर उभा राहून पॅसेंजर भरायचा. खेळ सोडला नाही. नेमावर एकटक बसण्याऐवजी डावीकडे नजर फिरवायची सवय त्याने लावून घेतली आणि हळूहळू पुन्हा नितीनला हरवायला लागला. एकदा मी त्याच्याकडे बसलो असताना, पडद्यावर कंदीलवाले येत असताना, तो सहज म्हणाला, “मला एकच वाटत राहतं. इतकी वर्षं त्या रस्त्यानं मी गाडी मारली. डावीकडनं किती माणसं चालत असतील. मला रस्ता रिकामा दिसायचा. त्या सगळ्यांना मी दिसत होतो.”

मी चहा संपवला.

माझ्यापुरता धडा साधा आहे. फॉल्ट शोधताना सेट, केबल, मशीन एवढ्यावर थांबू नये. समोर बसलेला माणूसही त्याच सर्किटमध्ये धरावा. आता कुठे नवा मोठा सेट बसवला की मी घरातल्या प्रत्येकाला समोर बसवतो, मधे बघायला सांगतो आणि काही न बोलता भिंतीशी जाऊन उभा राहतो. बायका पोरांना जवळ ओढतात आणि माझ्याकडे संशयाने बघतात. बघू देत. बघतायत, म्हणजे मी त्यांना दिसतोय.